कोणाला सान लावायचं

विमानतळाच्या दारापाशी यांनी मला एकच गोष्ट सांगितली. "तिकडं बोल. नुसती मान हलवू नको. मानेचं भाषांतर होत नाही."

हे स्वतः आले नाहीत. यांचं सगळं आयुष्य मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात गेलं. रुळावरून चालतं तेवढ्यावरच यांचा विश्वास. "वर बिघाड झाला तर खाली उतरून बघणार कुठं?" असं म्हणून यांनी तिकीट काढूच दिलं नाही. त्यामुळं जे काम दोघांनी करायचं होतं ते माझ्या एकटीच्या गळ्यात पडलं, आणि माझा गळा चार माणसांत कधी उघडत नाही. बचत गटाच्या बैठकीतसुद्धा मी शेजारणीच्या कानात सांगते आणि ती मोठ्यानं बोलते. म्हणून हे मी लिहून काढते आहे. शाळा चौथीत सुटली, पण लिहिताना कोणी तोंडाकडं बघत बसत नाही, हे मला फार बरं वाटतं.

काम असं होतं. आमचा मिलिंद इंग्लंडमध्ये ब्रॅकनेल नावाच्या गावी कंप्युटरच्या कंपनीत आहे. त्याला अयुमी नावाची मुलगी आवडली. ती जपानची. लंडनच्या कडेला ईलिंगमध्ये राहते आणि दवाखान्यात लोकांचे कान तपासते. आमची हरकत नव्हती. प्रश्न तिच्या आईचा होता. वडील नाहीत, एकच मुलगी, आणि आई जपानमध्ये बर्फाच्या गावात एकटी. त्या बाई मुलीकडं येणार होत्या, तेव्हा मीही यावं, दोन्ही आयांनी एकमेकींना बघावं, असं पोरांनी ठरवलं.

"त्या हो म्हणाल्या का?" मी फोनवर विचारलं होतं.

"आई, त्या हो नाही म्हणाल्या," मिलिंद म्हणाला. "पण नाही पण नाही म्हणाल्या. 'बघू' म्हणाल्या. आणि अयुमी म्हणते की तिच्या आईचं 'बघू' म्हणजे एनीथिंग असू शकतं."

म्हणजे मी बघायला निघाले होते की मला बघायला बोलावलं होतं, हेच मला कळेना. एवढं मात्र कळत होतं की बिघडलं तर माझ्यामुळं बिघडेल.

विमानात मी काहीच मागितलं नाही. जे पुढ्यात आलं ते खाल्लं. एकदा पाव समजून हात पुसायचा गरम रुमाल उचलला होता, पण तोंडाजवळ नेण्याआधी शेजारच्या बाईंकडं बघितलं आणि वाचले.

बाहेर मिलिंद उभा होता आणि त्याच्याशेजारी एक बारीक चणीची, गोल चेहऱ्याची मुलगी. मला बघताच ती कमरेतून वाकली आणि म्हणाली, "सुमन-सान."

मला दोन क्षण कळलंच नाही की हे माझं नाव आहे. आमच्या गल्लीत मी मिलिंदची आई. हे मला "अगं, ऐकलंस का" म्हणतात. बँकेत मला नंबरावरून बोलावतात. आणि इथं साता समुद्रापलीकडं एक परकी पोरगी माझं नाव घेऊन वाकत होती.

गाडीत मिलिंदनं सांगितलं, "आई, सान म्हणजे आपलं ताई, बाई, राव, साहेब, सगळं एकातच. बाई असो, पुरुष असो, नावापुढं सान लावायचं."

"लहानांना?"

"लहान-मोठं सगळ्यांना."

ही सोय मला फारच आवडली. आपल्याकडं नवीन माणूस भेटला की आधी अंदाज घ्यावा लागतो. ताई म्हणावं तर ती आपल्याहून लहान निघते, मावशी म्हणावं तर रागावते. इथं एकाच शब्दात सगळ्यांचं भागत होतं. मी लगेच वापरायला सुरुवात केली. अयुमीसान. मिलिंदसान. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोऱ्या आजोबांनी कुंपणावरून हात हलवला तर त्यांनाही मी आजोबासान म्हटलं. ते खूश दिसले.

त्या संध्याकाळी यांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "आपल्याकडं सान म्हणजे लहान. त्यांच्याकडं सान म्हणजे मोठं. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला राहतात ना, उलटंच असणार."

एकदाच चूक झाली. अयुमीच्या मैत्रिणीचा फोन आला होता, तिनं मला "हॅलो" म्हणायला सांगितलं. मी म्हणाले, "हॅलो, सुमनसान." बचत गटात मी नेहमी "सुमनताई बोलते" म्हणूनच फोन उचलते, त्यात काय! पण अयुमीनं तोंडावर हात ठेवला. मग फार हळूच, जणू माझ्या पायात काटा आहे आणि तो तिला काढायचा आहे अशा बेतानं, म्हणाली, "स्वतःला नाही. दुसरे लोक तुम्हाला लावणार."

तिला मराठी थोडं थोडं येतं. मिलिंदनं शिकवलं आहे. ती मला "अहो आई" म्हणायचा सराव करत होती, पण अजून सासू झाले नाही म्हणून सुमन-सानवरच थांबली होती. मीही तिला अयुमीसान, तुम्ही, असंच म्हणत होते. पोरीची आई हो म्हणेपर्यंत ती परक्याच्या घरची लेक.

ब्रॅकनेल गाव नवं आहे. काचेच्या कचेऱ्या, विटांची सारखी घरं आणि पावलोपावली गोल चौक. मधे हिरवळ, भोवती गाड्या फिरतात. गावाला लागूनच पाइनचं मोठं रान आहे आणि त्यात पायवाटा आहेत. मिलिंद कामाला गेला की मी तिकडं फिरायला जायची. एकदा परत येताना एका चौकाऐवजी दुसऱ्या चौकात वळले. सगळे चौक एकाच आईची लेकरं असल्यासारखे दिसतात. चालून चालून पाय दुखले तेव्हा बस थांबली तिच्यात चढले आणि मिलिंदनं पर्समध्ये ठेवलेला पत्ता ड्रायव्हरसमोर धरला.

ड्रायव्हर लाल दाढीचा, पोट सुटलेला माणूस. पत्ता वाचून म्हणाला, "बसा, माय लव्ह."

लव्ह हा शब्द मला कळतो. मी शेवटच्या सीटवर जाऊन पदर घट्ट ओढून बसले. घर आल्यावर त्यानं मागं वळून पुन्हा हाक मारली, "इथं उतरायचं, लव्ह." सगळी बस माझ्याकडं बघते आहे असं मला वाटलं. खरं तर कोणीच बघत नव्हतं.

"आई, इथं सगळ्यांना म्हणतात," मिलिंद हसत सुटला. "इट मीन्स नथिंग. काहीच अर्थ नसतो."

"काहीच अर्थ नाही तर म्हणतात कशाला?"



रविवारी आम्ही कॉव्हेंट्रीला गेलो. तिथं मिलिंदच्या ओळखीच्या लोकांनी बुद्धवंदना ठेवली होती. आपल्याकडची पुष्कळ माणसं तिथं वर्षानुवर्षं राहतात. हॉलमध्ये पाय ठेवताच सगळीकडून "जय भीम, जय भीम" सुरू झालं आणि माझा जीव भांड्यात पडला. जय भीमला लहानमोठं नसतं. डॉक्टरही तेच म्हणतो आणि डॉक्टरच्या गाडीचा ड्रायव्हरही तेच. अयुमीनंही हात जोडून म्हटलं. तिच्या तोंडून ते "जाय बीमु" असं आलं, पण आलं. तिकडंच जन्मलेली एक नऊदहा वर्षांची पोर चहाचा ट्रे घेऊन माझ्यापुढं आली आणि म्हणाली, "आजी, तू चहा घेतो का?" मी म्हटलं, "घेतो की." एवढ्या प्रेमानं विचारल्यावर बाईचं बाप्या झालं तरी काय बिघडतं.

परत निघताना स्टेशनावर पाणी घेतलं. दुकानातल्या म्हातारीनं सुटे पैसे हातात ठेवत मला काहीतरी म्हटलं. मिलिंद म्हणाला, "डक म्हणाली तुला. म्हणजे बदक. इकडच्या भागात प्रेमानं म्हणतात."

रात्री फोनवर हे सांगितलं तर हे म्हणाले, "काल प्रिये, आज बदक. आणखी खाली जाण्याआधी परत ये."

आणि मग तो दिवस आला. किमुरासान, म्हणजे अयुमीच्या आई, जपानहून ईलिंगला येऊन पोचल्या होत्या. मी सकाळी उठून कुरडया तळल्या. डब्यात कुरडया, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाच्या दशम्या घेतल्या. ब्रॅकनेलहून गाडीनं रेडिंग आणि तिथून दुसऱ्या गाडीनं ईलिंग. सगळ्या वाटेत मी मनातल्या मनात घोकत होते. वाकायचं. हाजिमेमाश्ते म्हणायचं (पहिल्यांदा भेटतो आहोत, असा अर्थ). किमुरासान म्हणायचं. मान हलवायची नाही.

ईलिंगचा रस्ता मला आवडला. एका दुकानाबाहेर भेंडी आणि कोथिंबीर मांडलेली, त्याला लागून पोलंडच्या लोकांचं पावाचं दुकान, पुढं पंजाबी मिठाई, आणि कोपऱ्यावर जपानी वाणसामानाचं दुकान. कुणीच कुणाला परकं वाटत नसावं असा तो रस्ता होता.

किमुरासान दारातच उभ्या होत्या. माझ्यापेक्षाही ठेंगण्या, आखूड पांढरे केस, राखाडी झगा. त्या वाकल्या. मी वाकले. मी सरळ होते तर त्या पुन्हा वाकल्या. मग मीही पुन्हा वाकले. मी हात जोडून जय भीम केलं, त्यांनी हात जोडले आणि वाकल्या. शेवटी मिलिंद मागून म्हणाला, "आई, बस. कुणीतरी थांबा."

आत चहा झाला. त्यांनी मला एक सुंदर कागदात गुंडाळलेली पेटी दिली आणि पुष्कळ काहीतरी बोलल्या. बोलणं असं चालायचं की त्या जपानीत बोलायच्या, अयुमी इंग्रजीत सांगायची आणि मिलिंद मला मराठीत.

"त्या म्हणतात की ही अगदी क्षुल्लक वस्तू आहे, तुम्हाला द्यायच्या लायकीची नाही."

मला वाटलं, मग दिली कशाला? पेटीत तांदळाची खारी बिस्किटं होती, एकेक वेगळ्या कागदात, जणू प्रत्येकाचं वेगळं बारसं केलं होतं.

"त्या म्हणतात की माझी मुलगी गबाळी आहे. स्वयंपाक धड येत नाही. कुणाच्या घरी नांदण्यासारखं तिच्यात काही नाही."

मी अयुमीकडं बघितलं. तिनं हे स्वतःच्या तोंडानं इंग्रजीत करून सांगितलं होतं आणि चेहरा अगदी शांत होता.

"नाही, नाही," मी म्हणाले. "अयुमीसान फार गुणी आहेत."

"त्या म्हणतात, नाही, गबाळीच आहे."

लग्नाच्या मुलीची आई मुलीची अशी निंदा का करील? बाईंना मोडायचं आहे, आणि तोंडावर नाही म्हणवत नाही म्हणून ही वाट काढली आहे, असं मला वाटलं. मग त्या मिलिंदबद्दल बोलल्या. मिरिंदो-सान किती हुशार आहे, किती कामसू आहे. मीही म्हटलं, "हो, हुशार आहेच. पहिल्यापासून. वर्गात पहिला यायचा. स्वभावानंही गरीब आहे." हे सगळं मिलिंदला स्वतःच इंग्रजीत सांगावं लागलं. तो लाल झाला. अयुमीनं त्यातलं अर्धंच पुढं पोचवलं असावं, कारण तिचं वाक्य फारच लहान होतं.

कुरडया मात्र त्यांना आवडल्या. एक तोडून त्यांनी उजेडाकडं धरली आणि तिच्या जाळीतून माझ्याकडं बघितलं. तेवढं एक हसू झालं.

चहाला गोड काही हवं म्हणून अयुमीनं सगळ्यांना कोपऱ्यावरच्या जपानी दुकानात नेलं. दुकान म्हणजे आपल्या वाण्याचंच, फक्त सगळं पाकिटात. गल्ल्यावर साठीच्या एक जपानी बाई होत्या. त्या अयुमीला ओळखत होत्या. किमुरासान पुढं झाल्या, दोघी एकमेकींना वाकल्या, बोलल्या. मग किमुरासान यांनी मागं वळून मिलिंदकडं हात केला आणि त्या बाईंना सांगितलं, "मिरिंदो देस."

देस म्हणजे आहे, एवढं मला येत होतं. म्हणजे, हा मिलिंद आहे.

सान कुठं गेलं?

इथं मला थोडं मागचं सांगायला हवं. माझ्या आईचं नाव पार्वती. गावात तिला "ए पारे" म्हणायचे. तिच्या मुलांच्या वयाची पोरं ओट्यावर बसून हाक मारायची, "ए पारे, हे उचल." वय झालं, केस पांढरे झाले, तरी पारेच. बाबासाहेबांचा फोटो घरात लागल्यावर आईनं आम्हाला एक शिकवलं, कोणाला एकेरी बोलायचं नाही आणि कोणाचं ऐकून घ्यायचं नाही. म्हणून मी यांना अहो म्हणते ते नुसतं बायको म्हणून नाही. कारखान्यात यांना साहेब लोक अरेतुरे करायचे, तेव्हा घरात तरी पुरेपूर अहो मिळावं, असं मी ठरवलं होतं.

आणि आता माझ्या लेकाचं नाव चारचौघांत नुसतं, उघडं, दुकानदारणीपुढं ठेवलं होतं. घरात गोड मिरिंदो-सान, आणि बाहेर लोकांपुढं मिरिंदो.

मी कधी बोलत नाही. पण त्या वेळी माझ्या तोंडून आवाज आला तो मलाच ओळखू आला नाही. मी दोन पावलं पुढं गेले, मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मिलिंदसान."

गल्ल्यावरच्या बाईंनी आधी माझ्याकडं, मग किमुरासानकडं बघितलं आणि एकदम बिस्किटांचे पुडे सारखे करू लागल्या. किमुरासान माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे थोडंसं उघडलं होतं ते हळूहळू मिटत गेलं. मग त्या मिलिंदकडं वळल्या, चांगल्या खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "मिरिंदो-सान."

मला वाटलं, बरं झालं, समजलं बाईंना. मी कशी ताठ उभी होते! आणि मग अयुमीचा चेहरा दिसला. तिचे कान लाल झाले होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

बाहेर फुटपाथवर किमुरासान पुढं चालत होत्या. मिलिंद अयुमीला विचारत होता आणि ती मान हलवत होती. मान हलवणारी मी एकटीच नाही, एवढं तेव्हा समजलं. शेवटी ती त्याला काहीतरी म्हणाली आणि तो जागीच थांबला.

"आई," तो म्हणाला, "तू काय केलंस माहितीये का?"

"तुझा मान राखला."

"आई, सान परक्याला लावतात. बाहेरच्या माणसांपुढं आपल्या घरच्यांना सान लावायचं नसतं. स्वतःला लावत नाही ना, तसंच घरच्यांनाही. अयुमीच्या आई तिच्याबद्दल बाहेर कधीच चांगलं बोलत नाहीत, कारण ती त्यांच्या घरची आहे. आणि आज त्यांनी मला सान न लावता दुकानातल्या बाईंना सांगितलं. हा आमचा मिलिंद, असं. दॅट वॉज द येस! त्यांनी हो म्हटलं होतं, आई!"

"आणि मी?"

"तू सान परत लावलंस. म्हणजे, हा आमचा आहे, तुमचा नाही."

इतक्या लांबून आले, मुलाचं लग्न ठरलं, आणि ते ठरलेलं मी एका शब्दात मोडून ठेवलं. त्या बाईंनी बिचाऱ्यांनी केवढ्या मनानं दार उघडलं होतं, आणि मी ते त्यांच्या तोंडावर लोटून दिलं.

"मग सांग ना त्यांना," मी म्हणाले. "आईला कळलं नाही म्हणून सांग."

अयुमी म्हणाली, "सांगू शकते. पण आई म्हणणार, नाही नाही, माझीच चूक. मग तुम्ही म्हणणार, नाही, माझी चूक. मग..." तिनं दोन्ही हात एकमेकांपुढं वाकवून दाखवले. ते वाकणं सकाळी आम्ही केलंच होतं. ते थांबणार नव्हतं.

घरी आलो. किमुरासान यांनी चहा केला. आता त्या फारच अदबीनं वागत होत्या. मिलिंदला दोन्ही हातांनी कप दिला, मिरिंदो-सान म्हणाल्या. मला दोन्ही हातांनी दिला, सुमन-सान म्हणाल्या. त्या इतक्या नीट वागत होत्या की आमच्यात एक टेबल होतं ते एखाद्या मैदानाएवढं झालं.

मी कप धरून बसले होते. यांचं वाक्य आठवत होतं, पण बोलायचं काय? माझं मराठी मिलिंदकडं, तिथून इंग्रजीत, तिथून जपानीत. एवढ्या वाटेत शब्दाचा जीव जातो. मला असं काही हवं होतं की जे त्या बाईंना मधल्या माणसांशिवाय कळेल.

आणि मला माझी आई आठवली. ओट्यावरची पोरं तिला ए पारे म्हणायची, तेव्हा ती आत मरून जायची. पण तीच आई दिवेलागणीला दारात येऊन ओरडायची, "ए सुमे, कुठं उलथलीस गं? ये घरी!" त्यातही ए होतं. त्या ए ऐवजी कोणी मला सुमनताई म्हटलं असतं तर मी रडले असते. पाहुण्याला आपण बसा म्हणतो, घ्या म्हणतो. काम सांगतो ते फक्त घरच्याला.

पण जो शब्द आयुष्यभर तोंडात येऊ दिला नाही, तो दुसऱ्याच्या लेकीला, तिच्या आईच्या तोंडावर म्हणायचा? मी चहाचा एक घोट घेतला. कडू होता.

"ए अयुमे!" मी म्हणाले.

अयुमी माझ्याकडं बघतच राहिली.

"अगं, बघतेस काय अशी? ऊठ. तो डबा आण इकडं. तुझ्या आईच्या ताटलीतली कुरडई संपली, दिसत नाही का तुला? आणि दशमीला तूप लावून आण. गबाळी कुठची!"

गबाळी हा शब्द किमुरासान यांच्या कामी आला होता, तो मीही वापरून टाकला.

अयुमी ताडकन उठली. किमुरासान यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण जी बाई सकाळपासून सगळ्यांना सान लावत होती, तिनं त्यांच्या लेकीचं नाव नुसतं घेऊन तिला कामाला लावलं, एवढं त्यांना कळलं. त्यांनी किटली खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. मीही बघितलं. मान हलवली नाही. खालीही घातली नाही.

मग त्या मिलिंदकडं वळल्या आणि वरच्या फळीकडं बोट करून खणखणीत आवाजात काहीतरी म्हणाल्या. त्यातला पहिला शब्द मला नीट ऐकू आला. "मिरिंदो."

मागं काही नव्हतं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"वरची मोठी किटली काढ म्हणतात," मिलिंद म्हणाला. "आणि लवकर काढ म्हणतात. एवढा उंच होऊन उपयोग काय म्हणतात."

मग कोण काय बोललं ते भाषांतर करायला कोणी जागेवर नव्हतंच. एकजण स्टुलावर चढलेला, दुसरी तुपाचं झाकण उघडत होती. आम्ही दोघी म्हाताऱ्या दोन बाजूंनी हुकूम सोडत होतो, त्या जपानीत आणि मी मराठीत, आणि एकमेकींकडं बघून हसत होतो. किमुरासान यांनी दशमीला शेंगदाण्याची चटणी लावली आणि त्यावर खारं बिस्कीट चुरून टाकलं. खरंच छान लागलं.

संध्याकाळी मी यांना फोन केला. "ठरलं," मी म्हणाले.

"बोललीस?"

"ओरडले."

"कोणावर?"

"सुनेवर."

हे म्हणाले, "म्हणजे सून झाली म्हणायची."

निघायच्या दिवशी सगळे विमानतळावर आले. किमुरासान आणि मी पुन्हा वाकू लागलो तेव्हा मिलिंदनं आमच्या मधे सामानाची गाडीच आणून उभी केली. मी आत जाणार इतक्यात अयुमी पुढं आली. तिनं केव्हापासून घोकलेलं वाक्य काढलं, "अहो आई, तुम्ही नीट जा."

आमच्याकडं सून सासूला अहो आईच म्हणते. मीही माझ्या सासूला म्हणत होते. पण मी तिला थांबवलं. "अहो नको. अगं म्हण. मिलिंद म्हणतो तसं."

तिनं मिलिंदकडं बघितलं, मग स्वतःच्या आईकडं. ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाली, "अगं आई. तू नीट जा."

आता मी मनमाडला आहे. लग्न दोन्हीकडं व्हायचं आहे, आधी इथं, मग बर्फाच्या गावात. तिथं जायला रेल्वे नाही हे यांना अजून पटलेलं नाही. परवा अयुमीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा शेजारच्या कमलताई बसल्या होत्या. अयुमी पडद्यावरून विचारत होती, "आई, तू जेवला का? गोळी घेतला का?"

फोन ठेवल्यावर कमलताईंनी ओठ मुडपले. "सासूला तू म्हणते. परक्या देशातली पोर, तिला काय मानपान कळणार!"

एरवी मी मान हलवली असती. पण मी म्हणाले, "मान परक्यांसाठी असतो, कमल. तू चहा घेतेस का? मग ऊठ, आणि आधण ठेव."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी काम सांगितलं नव्हतं. मग उठल्या, आत गेल्या, आणि विचारू लागल्या, "साखरेचा डबा कुठंय गं, सुमे?"